बोलकी उशी : घ्यावी का आणि वापरावी कशी

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या भिगवणात रात्री एकच्या सुमाराला पहिला ट्रॅक्टर येतो. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बांधलेले दोन स्पीकर. ऊस भवानीनगरच्या कारखान्याला निघालाय, शेटफळगढ्याच्या की बिजवडीच्या, हे अंथरुणात पडून सांगता येत नाही. गाणं कुठलं चाललंय ते मात्र कडव्यासकट सांगता येतं. त्याला बोल लावावा तर तो बिचारा डुलकी लागू नये म्हणूनच गाणी लावतो. त्याच्या गाण्यानं तो जागा राहतो आणि रस्त्याकडेची सगळी आळीही. त्यात पुणे–सोलापूर महामार्गाची वर्दळ, रेल्वेचे भोंगे, आणि मालगाडी थांबली की डब्यामागून डब्याचा येणारा खडखडाट.

तीन वर्षांपूर्वी माझं हे रडगाणं ऐकून पुण्याच्या पुतण्यानं एक उशी पाठवली. जाडजूड फोमची, आत दोन स्पीकर शिवलेले, कोपऱ्यातून उंदराच्या शेपटीसारखी वायर बाहेर आलेली. "काका, हिच्यावर डोकं ठेवा आणि संतूर लावा," असा निरोप. गाण्यानं माणूस जागा राहतो तर गाण्यानं झोपायलाही हरकत नाही, असं म्हणून मी मोबाइलवर संतूरचा व्हिडिओ लावला. डोळा छान लागला. आणि संतूर संपल्या संपल्या थेट कवटीच्या आत एक बाई ओरडली, की पाच मिनिटांत कर्ज मिळेल. मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. सौभाग्यवती दुसऱ्या कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "ट्रॅक्टर बरा होता."

ती उशी मी तेव्हा माळ्यावर टाकली असती, पण चूक उशीची नव्हती हे सकाळी लक्षात आलं. त्यानंतर तीन हंगाम या प्रकारात मी बरीच उलथापालथ केली. आता शेजारीपाजारी आणि पक्षी बघायला येणारे पाहुणे विचारतात, म्हणून जे कळलं ते लिहितो.

पहिली गोष्ट, हे काही फार नवीन प्रकरण नाही. माझ्या वडिलांच्या उशाशी ट्रान्झिस्टर असायचा. विविध भारती १९५७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पुणे आकाशवाणी त्याआधी १९५३ मध्ये. आणि रात्री उशिरा 'बेला के फूल' किंवा 'आपली आवड' लावून, आवाज इतका बारीक करून की दुसऱ्या माणसाला फक्त गुणगुण ऐकू यावी, ट्रान्झिस्टर उशीखाली सरकवून झोपणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. सभा संपली की केंद्र बंद व्हायचं आणि नुसती खरखर उरायची. आज हेच 'व्हाइट नॉइज' म्हणून पैसे घेऊन विकतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांत खाटेवरच्या रुग्णाला शेजारच्याची झोप न मोडता टीव्ही ऐकता यावा म्हणून हातात देतात त्या छोट्या यंत्रालाही 'पिलो स्पीकर' असंच नाव आहे. कानात सतत गुंइंइं आवाज येतो, ज्याला कर्णनाद म्हणतात, अशा लोकांना ऑडिओलॉजिस्ट रात्री मंद आवाज चालू ठेवायला सांगतात, त्यांनाही उशीखालचा स्पीकर सुचवला जातो. दिवसा तो कानातला आवाज इतर आवाजांत हरवतो, रात्रीच्या शांततेत उघडा पडतो. तुमचा त्रास हा असेल तर आवाज कानातला नाद पूर्ण बुडवेल इतका ठेवायचा नसतो, त्याच्या किंचित खाली ठेवायचा असतो.

आता उशी करते काय आणि काय करू शकत नाही, ते बघा. झोपेत कान बंद होत नाहीत. १९६० मध्ये इयन ऑस्वाल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना बरीच नावं ऐकवली आणि मेंदूच्या लहरी टिपल्या. स्वतःच्या नावाला मेंदू ठळक दाद देत होता, परक्या नावाला तेवढी नाही. म्हणजे मेंदूचा पहारेकरी रात्रभर जागाच असतो, आणि तो आवाजाच्या मोठेपणापेक्षा आवाजातल्या अर्थावर आणि बदलावर नजर ठेवतो. एकसारखा चालणारा पंखा त्याला दिसत नाही. शांततेतून अचानक आलेला हॉर्न दिसतो. उशीतला मंद, सलग आवाज शांतता आणि हॉर्न यांच्यातली दरी कमी करतो. हॉर्न बुजत नाही, पण त्याचं टोक बोथट होतं.

उशीतल्या स्पीकरची चकती एवढीशी, तिच्यातून खर्जाचा आवाज निघत नाही. त्यामुळे कुत्र्यांचं भुंकणं, गप्पा, शेजारचा टीव्ही, लांबचं गाणं यांवर ती चालते. ट्रकची घरघर आणि रेल्वेनं हादरणारी खिडकी यांवर ती चालत नाही. तो आवाज भिंतीतून आणि खाटेच्या पायांतून येतो. त्याला खाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या फटी बुजवणं हाच उपाय. आणि शेजारच्या लग्नातला डीजे उशीनं दाबायचा प्रयत्न तर करूच नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ती १२ वाजेपर्यंत शिथिल करू शकतं, आणि वस्तीतली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यासाठी पोलिसांचा ११२ हा नंबर आहे, उशी नाही.

दुसरा उपयोग आवाज बुजवण्याचा नाही, मन गुंतवण्याचा. अंथरुणावर पडलं की उसाचं बिल, पोराचा दाखला, सोसायटीचा हप्ता, सगळे एका रांगेत येऊन उभे राहतात. त्यांच्याऐवजी लक्ष ठेवायला दुसरं काहीतरी बिनमहत्त्वाचं दिलं की मन तिकडे टेकतं. निद्रानाश असलेल्या प्रौढांवर संगीताचा काय परिणाम होतो, याचा कॉक्रेन या संस्थेनं २०२२ मध्ये आढावा घेतला. त्यात १३ अभ्यास आणि १,००७ माणसं होती. रोज २५ ते ६० मिनिटं संगीत ऐकणाऱ्यांना स्वतःची झोप सुधारल्यासारखी वाटली. नुसत्या व्हाइट नॉइजबद्दलचा पुरावा त्यामानानं बराच कच्चा आहे. मी एवढंच म्हणेन, की हे औषध नाही; पण वाट सोपी करणारी सवय आहे, आणि सवय लागायला आठ-दहा रात्री द्याव्या लागतात.

खरेदीबद्दल माझं मत ठाम आहे. स्पीकर शिवलेली उशी घेऊ नका. माणूस उशीच्या बाबतीत फार हट्टी असतो. एकाला सावरीच्या कापसाची पातळ लागते, एकाला फोमची उंच, एकाला उशीच नको असते. आवाजासाठी परकी उशी स्वीकारली की पंधरा दिवसांत मान धरते. शिवाय एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फोमच्या उशीवर डोकं तव्यावर ठेवल्यासारखं होतं. ती धुता येत नाही, उन्हात जास्त वेळ टाकता येत नाही, आणि खोबरेल लावून झोपणारं घर असेल तर सहा महिन्यांत तिचं काय होतं ते सांगायला नको. त्याऐवजी उशीखाली ठेवायची सुटी चकती मिळते. तळहाताएवढी, भाकरीच्या काठाइतकी जाड, एक वायर. काहीशे रुपयांत येते. उशी तुमचीच राहते, अभ्रा दर आठवड्याला धुता येतो आणि दोन वर्षांनी चकती बिघडली तर उशी फेकावी लागत नाही. कापडी पट्टीत स्पीकर बसवलेले हेडबँडही येतात. थंडीत ठीक, उन्हाळ्यात कपाळाला घाम.

कानात घालायचे इअरबड रात्रभर घालून झोपू नका, हे वेगळं सांगायला हवं, कारण तरुण मंडळी सर्रास तेच करतात. कुशीवर वळलं की बोंडूक आत रुततं, मळ आत ढकलला जातो, घामानं कान ओला राहतो आणि खाज सुरू होते.

चकती ठेवायची कुठे, यात खरी मेख आहे. मानेखाली ठेवली तर टोचते आणि ऐकूही येत नाही. उशीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्या बाजूला, कान टेकतो त्याच्या बरोबर खाली, उशी आणि गादीच्या मध्ये ठेवा. जुन्या, दाबून दगड झालेल्या कापसाच्या उशीतून आवाज घोगरा येतो, कारण कापूस बारीक स्वर गिळून टाकतो. पिंजून आणलेल्या उशीतून तोच आवाज मोकळा येतो. उशी पिंजून घ्यायला एवढं कारण पुरे. तरीही दबका वाटला तर चकती अभ्र्याच्या आत, उशीच्या वरच्या थरात घालून बघा, पण मग आवाज दोन घरं खाली आणा.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आजचं गाणं दोन वाटांनी येतं, डावी आणि उजवी. चकती एकच असेल तर काही वेळा त्यातली एकच वाट वाजते. मला एका रेकॉर्डिंगमध्ये पंधरा दिवस तबला ऐकूच येत नव्हता. वाटलं, नुसत्या पेटीवर गायलेत. मोबाइलच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त जाऊन 'मोनो ऑडिओ' सुरू केलं आणि तबलजी हजर झाले. पन्नास-साठच्या दशकांतली जुनी गाणी मुळातच एका वाटेची असतात, त्यांना ही अडचण येत नाही.

आणि मोबाइलच वापरायला हवा असंही नाही. माझा अनुभव असा, की झोपेसाठी मोबाइल हातात घेतलेला माणूस अर्धा तास मेसेज वाचत बसतो. माझ्याकडे एक जुना बटणाचा फोन आहे, सिमकार्ड नसलेला. त्याला गोल पिनचा जॅक आहे आणि मेमरी कार्ड चालतं. बाजारात मोबाइलच्या दुकानात जाऊन कार्ड भरून घेतलं, त्यात मोजून बारा फाइली. त्याला स्क्रीनचा झगझगाट नाही, जाहिरात नाही, नोटिफिकेशन नाही, अंधारात चाचपून बटण दाबता येतं. घरात असा फोन पडून असेल तर विकू नका. बऱ्याच नव्या मोबाइलना गोल जॅक नसतो, त्यांना टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो किंवा ब्लूटूथची चकती. ब्लूटूथच्या चकतीत बॅटरी असते. ती दिवसा चार्ज करा, रात्री डोक्याखाली ठेवून चार्जिंगला लावू नका. मोबाइलही उशीखाली नको. दाबला गेला, वरून गोधडी आली की उष्णता बाहेर जायला जागा राहत नाही. वायर हातभर लांब आहे, मोबाइल स्टुलावर ठेवा.

मोबाइलच वापरणार असाल तर तीन गोष्टी आधी करून ठेवा. ऐकायचं ते डाउनलोड केलेलं असू द्या, म्हणजे कर्जवाली बाई येणार नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि घरच्या दोन-तीन नंबरांना सूट द्या. गावाकडे रात्री आलेला फोन बहुधा खराच गरजेचा असतो. आणि स्लीप टायमर लावा. स्टोरीटेलसारख्या ऐकायच्या पुस्तकांच्या अ‍ॅपमध्ये आणि गाण्यांच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये तो असतो. ३० ते ४५ मिनिटं पुरतात. ज्यांना पहाटे आवाजानं जाग येते, त्यांनी मात्र पंख्यासारखा सलग आवाज रात्रभर ठेवावा; कारण मध्येच तो थांबला तर ती अचानक आलेली शांतता हाच बदल, आणि पहारेकरी उठतो. संगीत असेल तर टायमर आणि नुसता आवाज असेल तर रात्रभर, इतकं लक्षात ठेवलं तरी चालेल.

ऐकायचं काय, यावर मी सगळ्यात जास्त चुका केल्या.

पावसाचा आवाज जगभर झोपेसाठी लोकप्रिय आहे म्हणे. आमच्या इंदापूर तालुक्यात तो चालत नाही. पर्जन्यछायेतला मुलूख हा. इथला शेतकरी झोपेत पाऊस ऐकला की आधी उठून बाहेर बघतो, खरंच आलाय का. आणि आलाच असेल तर कडबा झाकायला धावतो. पावसानं इथे झोप लागत नाही, उडते. झुळझुळत्या पाण्याच्या आवाजानं आणखी एक होतं, पन्नाशीच्या पुढच्यांना ते ठाऊक आहे: तासाभरात लघवीला उठावं लागतं. पक्ष्यांचा किलबिलाटही नको, तो आवाज आपल्या अंगात पहाट म्हणून मुरलेला असतो.

शास्त्रीय संगीत उत्तम, पण अख्खा ख्याल लावू नका. विलंबितात डोळा लागतो आणि द्रुतात तानांचा पाऊस सुरू झाला की तबला उशी वाजवायला लागतो. फाइल विलंबितावर कापून घ्या. कार्ड भरणारा पोरगा दोन मिनिटांत कापून देतो. नुसती आलापी सगळ्यात चांगली. मालकंस, बागेश्री, दरबारी हे रात्रीचे राग खरे, पण अमुक रागानं झोप येतेच असा काही पुरावा नाही. तुम्हाला जो सवयीचा आहे तो लावा. कीर्तनाचंही तसंच. पूर्वरंग संथ असतो, उत्तररंगात बुवा रंगात आले आणि टाळमृदंग टिपेला गेले की झोपणारा माणूस मनातल्या मनात उभा राहतो. हरिपाठ ज्यांच्या रोजच्या कानावरचा आहे त्यांना चालतो. माझं मत विचाराल तर नुसता तंबोरा. रियाजासाठी गाणारे लोक मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप वापरतात, तेच फुकट मिळतं. आपला स्वर काळी एक असो नाहीतर पांढरी पाच, खालच्या पट्टीत लावा आणि पडून राहा. त्यात पुढे काय होणार ही उत्सुकता नाही, शब्द नाहीत, शेवट नाही.

कथा ऐकून झोपणाऱ्यांनी आधी वाचलेली कथा ऐकावी. नवी ऐकली तर खुनी कोण हे कळेपर्यंत एक वाजतो. बातम्या, राजकीय चर्चा, गुन्हेगारीच्या मालिका, शेअर बाजार, हे सगळं रात्री नऊनंतर बंद. आवडीचं भावगीतही मला चालत नाही. मी मनात सोबत गात बसतो आणि पुढच्या ओळीची वाट बघतो.

आवाज किती, याची घरगुती परीक्षा अशी. उशीवर कान टेकवा, शब्द कळतील पण लक्ष दिलं तरच, इतकं ठेवा. मग कूस बदला. वरच्या कानाला जवळजवळ काहीच ऐकू येता कामा नये. शेजारी झोपलेल्या माणसाला शब्द कळत असतील तर तो आवाज जास्त आहे. बहुतेक मोबाइलवर हे पहिल्या तीन-चार घरांतच जमतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते. रोज सात तास धरले तर आठवड्याचे ४९ तास होतात, म्हणजे ट्रॅक्टरला हरवायच्या नादात आवाज चढवून रात्रभर झोपलात तर मर्यादा रविवारच्या आतच ओलांडते. झोपेत कान दुखल्याचं कळत नाही, हा यातला खरा धोका.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र हे सगळं विसरा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात उशीच नको, मऊ वस्तूनं नाक दाबलं जाण्याची भीती असते; मग स्पीकरची उशी कुठली? टोरांटोच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये बाळांना झोपवायची १४ यंत्रं पूर्ण आवाजात ३० सेंटिमीटरवरून मोजली. सगळी ५० डेसिबलच्या वर होती, तीन तर ८५ च्याही वर. आवाज लावायचाच तर यंत्र पाळण्यापासून सहा-सात फूट लांब, आणि बारीक. घरात आजी असेल तर यंत्रही नको.

आता आमच्याकडच्या खास दोन गिऱ्हाइकांविषयी. एक, रात्रीच्या लाइटीवाले शेतकरी. थ्री फेज वीज रात्रीची आली की पाण्याची दारं धरायला रात्रभर उसात, आणि झोप सकाळी आठला, जेव्हा घर, रस्ता, शाळा सगळं जागं असतं. बारामतीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांचंही हेच. यांना चकतीचा खरा फायदा होतो, कारण दिवसाचे आवाज बहुतेक बोलण्याचे, भांड्यांचे, पोरांचे असतात आणि तेच ती चांगले बुजवते. सोबत खिडकीला जाड पडदा हवा. उजेड तसाच ठेवून नुसत्या आवाजानं दिवसाची झोप पुरी होत नाही. आणि मोटर चोरीला जाईल या भीतीनं शेतातच, विंचवा-सापांत, खोपीत झोपणाऱ्यांनी कानाला काही लावू नये. तिथे ऐकू येणं हीच राखण आहे.

दोन, पक्षी बघायला येणारे पाहुणे. कुंभारगाव, डिकसळ भागात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि होडीवाला सांगतो की उजाडताना पाण्यावर असा. पुण्यामुंबईची माणसं आदल्या रात्री होमस्टेत येतात आणि टक्क जागी राहतात. त्याला कारण आहे. परक्या ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा अर्धा भाग जास्त सावध राहतो, असं ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. अशांनी घरचीच फाइल आणि घरचीच चकती आणावी, जमलं तर घरचा अभ्राही. फक्त एक करा: चकती जोडलेली असताना गजर चकतीत वाजतो की मोबाइलच्या स्पीकरवर, हे घरीच दिवसा तपासा. एका पाहुण्यांचा गजर ब्लूटूथची बॅटरी संपलेल्या उशीत वाजत राहिला, म्हणजे वाजलाच नाही. रोहित उडून गेल्यावर ते नाश्त्याला उठले.

काही जणांनी ही वस्तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. स्पीकरमध्ये चुंबक असतो. पेसमेकर असेल तर मोबाइल आणि अशी यंत्रं छातीपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावीत, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ मध्ये सांगितलं. डोक्याखालची चकती तशी लांब असते, पण उशी कवटाळून झोपायची सवय असेल तर नको. डोक्यातलं पाणी काढायला बसवलेली शंटची नळी, जिची झडप चुंबकानं जुळवतात, किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर चकती डोक्याजवळ आणूच नका.

घोरणाऱ्याच्या शेजारी झोपणाऱ्याला चकती उपयोगी आहे. घोरणाऱ्याला नाही. घोरताना श्वास मध्येच थांबतो, मग धापेनं सुरू होतो, दिवसा बसल्या जागी पेंग येते, असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. त्यावर तंबोरा लावून पांघरूण घालू नका. तसंच आठवड्यातल्या तीन रात्री झोप लागत नाही आणि हे तीन महिने चाललंय, तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपाय गोळी नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं वर्तन-उपचार पहिले सांगितले: झोपेची वेळ ठरवणं, वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडून उठणं, पुन्हा पेंग आल्यावरच आडवं होणं. चकती लावून तासभर कूस बदलत पडू नका, उठा. काळजीनं, दुःखानं झोप उडाली असेल तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सवय जडते का, असं बरेच जण विचारतात. जडते. गोळीइतकी नाही, पण चकती विसरून परगावी गेलं की पहिली रात्र चुकल्यासारखं होतं. म्हणून मी आठवड्यातून दोन रात्री मुद्दाम लावत नाही, आणि लाइट गेल्यावर चार्जिंगची चिंता करत बसत नाही.

पुतण्याची ती फोमची उशी सध्या पाहुण्यांच्या खोलीत आहे, वायर आत खोचून. तिच्यात स्पीकर आहेत हे कोणाला सांगत नाही. चकती माझ्या उशाला असते, नोव्हेंबर ते मार्च. हंगाम संपून कारखान्यांचे पट्टे पडले आणि ट्रॅक्टर बंद झाले की ती पुसून, वायर गुंडाळून कपाटात जाते.